उभ्या रेघांचा झंपर

आधीच सांगून ठेवते, मला बारीक व्हायचं नव्हतं, बारीक दिसायचं होतं. ह्या दोन्हीत किती अंतर आहे ते आमच्या घरात शेवटपर्यंत कुणाला कळलं न्हाई. आमचे हे, म्हणजे कचेरीतले कारकून व्यंकटराव, म्हणाले, "मग रात्रीची भाकरी सोड की." वा रे शहाणपण! पाच बाळंतपणं काढून, सगळ्यांच्या ताटातलं उरलंसुरलं वाया जाऊ न देता जे पोट मी पन्नाशीपर्यंत मानानं कमावलं, ते रात्रीच्या एका भाकरीनं जाणार होतं व्हय? ते राहू द्या जागच्या जागी. लोकांना तेवढं दिसू देऊ नका, एवढंच माझं म्हणणं होतं.

आणि लोक म्हणजे तरी कोण? हिंगोलीचे न्हाई. हिंगोलीला माझी सवय होती. लोक म्हणजे सेनगावचे.

झालं असं, की आषाढात आमच्या वच्छलाचं डोहाळजेवण तिच्या सासरी होतं, सेनगावला. पोरगी पहिलटकरीण, म्हणून मी मोठ्या हौसेनं गेले. तिला हिरवं नेसवणार म्हणून मीही हिरवंच नेसले. तिच्या सासऱ्याची एक आत्या आहे, जिवनबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस कळतं ते नुसतं रंगावरून आणि आकारावरून. पण कुठलंही कार्य असो, म्हातारी सगळ्यांच्या पुढं. फुलांचा झोपाळा बांधून तयार होता, बाया जमल्या होत्या, वच्छला आत वेणी घालून घेत होती. मी आपली झोपाळ्याची दोरी पक्की आहे का ते बघायला म्हणून जरा टेकले. खरं सांगायचं तर गाडीत बसून कंबर धरली होती. तेवढ्यात जिवनआत्या चाचपडत आली, तिला हिरवा रंग दिसला, आकार दिसला, आणि तिनं सरळ माझी ओटी भरली!

"अवं आत्या, मी न्हाई, मी न्हाई," मी ओरडले.

"लाजू नगंस ग लेकरा," आत्या म्हणाली. "पहिल्या खेपेला समद्याच लाजतात."

पहिल्या खेपेला! वरून तिनं झाकलेल्या दोन वाट्या माझ्यापुढं धरल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर पोरगं, बर्फी निघाली तर पोरगी. माणसानं अशा वेळी उठून जावं की न्हाई? पण समोर झाकलेली वाटी आली की माझा हात आपोआप जातो, त्याला मी काय करू? मी झाकण उचललं. पेढा! "पोरगं व्हणार, पोरगं!" म्हणून आत्यानं अख्खं सेनगाव गोळा केलं.

आणि सगळ्यात आधी कोण हसलं असंल? माझी विहीण, अनुसयाबाई. बाई अशी सडसडीत, की दाराच्या फटीतून आत यावी. हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. तिला प्यायला पाणीसुद्धा मीच दिलं, व्याह्यांकडची माणसं ना शेवटी!

परतताना बैलगाडीत माझा निर्धार झाला. बाळंतपण माझ्याकडं होतं, म्हणजे बारसंही माझ्याकडं. सेनगावचं सगळं गणगोत हिंगोलीला येणार. त्या दिवशी मी अशी दिसले पाहिजे, की त्यांच्यातल्या एकीनं तरी चारचौघींत तोंड उघडून म्हणावं, "अगंबाई, किती वाळलात!" एकीनं म्हणलं तरी बस. पोरगी सुखरूप सुटावी, लेकरू धडधाकट निघावं आणि हे एक वाक्य. ह्याच्यापलीकडं मला देवाकडं काही मागायचं नव्हतं.

आमच्या शेजारच्या निर्मलाबाई भावाकडं हैदराबादेत राहून आलेल्या. तेव्हापासून आमच्या गल्लीत कपड्यालत्त्याच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी मला अंगणात उभं केलं, आणि गाय विकत घ्यायची असल्यासारख्या माझ्याभोवती फिरून आल्या.

"ओचा मोकळा करा," त्या म्हणाल्या.

लुगड्याचा ओचा म्हणजे बाईमाणसाचं फडताळ. मी एकेक काढायला लागले. कोठीच्या किल्ल्या, पानसुपारीची चंची, सुईदोऱ्याची पुडी, लिंबू, ह्यांचा हरवला म्हणून घरभर शोधलेला चष्मा, आणि मूठभर शेंगदाणे. निर्मलाबाई बघतच राहिल्या.

"अर्धं पोट तर तुमी नुसतं बांधून फिरता!" त्या म्हणाल्या.

माझा आनंद काय सांगू! अर्धं पोट उभ्या उभ्या ओसरीवर काढून ठेवलं की मी! उरलेल्या अर्ध्यासाठी निर्मलाबाईंनी फर्मान काढलं. रंग गर्द पाहिजे. किनार बारीक पाहिजे, रुंद किनारीनं बाई बुटकी आणि रुंद दिसते. निऱ्या ढीगभर करून मध्ये कोंबायच्या न्हाईत, चापून चोपून बसवायच्या. गाठीची चोळी बंद. तिच्याखाली जेवढं उघडं पडतं तेवढंच लोक बघतात. त्याच्याऐवजी थेट कमरेपर्यंत येणारा झंपर शिवायचा, आणि त्याच्या कापडाला उभ्या रेघा पाहिजेत.

"उभ्याच काहून?" मी विचारलं.

"आडव्या रेघेवर नजर आडवी जाते, उभ्या रेघेवर उभी जाते," निर्मलाबाई म्हणाल्या. "हैदराबादेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

तेवढ्यात तांड्यावरची मिराबाई तूप घेऊन आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तोंडाला पदर लावून हसली. "बाई, झाकता कशाला? आमच्या तांड्यात बघा. घेराला इतके आरसे लावतो आमी, की बघणाराला त्याचंच तोंड दिसतं. पोट बघायला त्याला वेळ कुठं?"

मला तर हे एकदम पटलं. पण कारकुनाच्या बायकोनं आरसे लावून बारशात मिरवायचं म्हणजे ह्यांची बदली मागावी लागली असती. मी उभ्या रेघा धरल्या.

आता कापड. लढाईचे दिवस, कापडावर कंट्रोल. माणशी ठरलं तेवढंच मिळायचं, जास्तीचं पाहिजे तर कचेरीतून चिठ्ठी आणावी लागायची. मी ह्यांना म्हणलं, "तुमी तर कचेरीतच आहात, तुमाला काय अवघड?" हे बिचारे गेले. चिठ्ठ्या लिहायचं काम ह्यांच्याच शेजारी बसणाऱ्या सादिकमियांकडं.

"वजह?" सादिकमियांनी विचारलं.

"घरात जरा... गरज आहे," हे म्हणाले.

"गरज तो सबकूच है, व्यंकटराव. कागद पे तीनच वजह हैं. शादी, मौत, जचगी. बोलो, कौनसी लिखूं?"

हे संध्याकाळी घरी येऊन पगडी काढत म्हणाले, "पोट झाकणं हे कारण कुठंच बसत न्हाई. तुझ्यासाठी चौथा खाना पाडायचा तर वर लिहावं लागंल."

मी म्हणलं, "अवं, जचगी म्हणजे बाळंतपणच ना? मग आपल्या घरात बाळंतपण व्हायचंच आहे की. लिहा जचगी, त्याच्यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं. चिठ्ठी मिळाली. पण कुणाची जचगी ते ह्यांनी सांगितलं न्हाई, आणि परक्याच्या घरातल्या बाईमाणसाची चौकशी सादिकमियांसारखा अदबीचा माणूस करत न्हाई. दुसऱ्या दिवशी हे कचेरीत गेले तर सगळे उठून उभे! कुणी मुबारक म्हणतंय, कुणी पाठ थोपटतंय, कुणी म्हणतंय ह्या वयात कमाल आहे. साहेबांनीसुद्धा चिकाच्या पडद्याआडून मान हलवली म्हणे. हे घरी आले ते कानापर्यंत लाल. मी म्हणलं, "मग सांगायचं होतं की, बायकोची न्हाई, पोरीची म्हणून." तर म्हणाले, "चपराश्यानं खजूर आणले होते ग. खाल्ल्यावर कसं सांगू?"

असो. कापड आलं. आणि काय कापड! गर्द जांभळं, त्याच्यावर बारीक पांढऱ्या उभ्या रेघा. मी ते अंगाशी धरून आरशात बघितलं आणि मला रेघांसारखंच सरळ झाल्याचा भास झाला.

शिंपी आमचा बद्रुद्दीन, भिंतीपलीकडचाच. हाताला सफाई अशी की टाका दिसायचा न्हाई. पण बाईमाणसाचं माप तो घेत न्हाई, त्याच्या बापानंही घेतलं न्हाई. माप घ्यायची त्याची बायको रहमतबी. पट्टी न्हाई, फूट न्हाई, नुसता एक लांब दोरा. छातीपाशी एक गाठ, पोटापाशी दुसरी, बाहीपाशी तिसरी. तो गाठींचा दोरा ती दुकानात खुंटीवर अडकवायची. बद्रुद्दीन दोरा बघून बेतायचा, दोरा कुणाचा ते विचारायचा न्हाई. आमच्याकडं सगळ्या बाया अशाच शिवून घेतात, आजवर कुणाची तक्रार न्हाई.

रहमतबीनं माझ्या पोटाभोवती दोरा धरला आणि मी श्वास आत ओढला. मुद्दाम न्हाई हो. कुणी माप घ्यायला लागलं की तो आपोआप आत जातो.

"बाई, सांस छोडो," रहमतबी म्हणाली.

मी हातानंच खूण केली, सोडलाय म्हणून. बोलले असते तर सुटला असता.

रहमतबी शहाणी. ती दोरा तसाच धरून बसली आणि गोष्टी सांगायला लागली. तिच्या बहिणीच्या लग्नात बिर्याणी करपली कशी, नवरदेव रुसला कसा, मग नवरदेवाच्या मामानं भर मांडवात शेळीलाच हार घातला कसा. मी टिकून होते. डोळे पांढरे व्हायला आले तरी टिकून होते. पण शेळीनं हार खाल्ला म्हणल्यावर मला हसू फुटलं, श्वास गेला, पोट होतं तिथं आलं, आणि रहमतबीनं पटकन गाठ मारली.

"हौ. अब बराबर," ती म्हणाली.

मला राग आला, पण हसू थांबलं असतं तर तो दाखवला असता.

त्यानंतर झंपर बाजूला राहिला, कारण नवरात्रात वच्छला बाळंत झाली. पोरगं! गुटगुटीत, लालबुंद, आणि आवाज असा की गल्लीतल्या कुत्र्यांनी जागा सोडली. मी आनंदानं वेडी व्हायची तेवढी राहिले. सुईण रोज यायची, ह्यांच्या जुन्या मऊ धोतराच्या पट्ट्या करून वच्छलाचं पोट घट्ट बांधून जायची. बाळंतिणीचं पोट बांधलं न्हाई तर ते सुटतं, माझ्यासारखं होतं. हे सुईण माझ्याकडं बघून म्हणाली.

दसऱ्याच्या सकाळी रहमतबी झंपर घेऊन आली. मी हात धुऊन धावतच गेले. घडी उलगडली. अजून उलगडली. अजून उलगडतच होती. एक टोक माझ्या हातात, एक रहमतबीच्या हातात, आणि मधल्या झोळात दोन बाया उभ्या राहिल्या असत्या. कापड कमी पडलं म्हणून पाठीत बद्रुद्दीननं पदरचं अस्तर जोडलं होतं. बाह्या अशा, की दळण ठेवावं.

"रहमतबी, हे काय आहे?" मी विचारलं.

भिंतीपलीकडून बद्रुद्दीनचा खालमानेचा आवाज आला. "बाई, दोरेके हिसाबसेच बनाया."

"अरे, पण शिवताना तुला वाटलं न्हाई, की एवढी बाई असंल का म्हणून?"

"वाटलं ना बाई," तो कळवळून म्हणाला. "लेकिन पराये घर की औरत के माप पे मैं कैसा सवाल करूं? बेअदबी होती."

आणि तेवढ्यात खरा प्रकार उजेडात आला. नगारेवाले बोंबलत आले. दसऱ्याच्या मिरवणुकीतल्या मोठ्या नगाऱ्याला दरसाल नवी खोळ चढते, तीही बद्रुद्दीनच शिवतो, आणि तिचंही माप दोऱ्याच्या गाठींनी, त्याच खुंटीवर. आज खोळ चढवायला गेले तर ती नगाऱ्याच्या निम्म्यात अडकून बसली होती. माझा दोरा नगाऱ्याला गेला होता आणि नगाऱ्याचा मला!

गल्ली जमली. आमचे हे पुढं आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या माणसाला कुठं काय बोलावं ते अजून कळत न्हाई. मला धीर द्यायला म्हणून चारचौघांत म्हणाले, "बघ, तू उगीच मनाला लावून घेत होतीस. नगाऱ्याच्या निम्मीच आहेस तू."

माझं डोकं फिरलं. मी झंपर भिंतीवरून बद्रुद्दीनकडं भिरकावला आणि ओरडले, "घाला तो नगाऱ्यालाच! मला नगं!"

मी हे रागानं म्हणाले होते. बोलणाऱ्या बाईचा राग भिंतीपलीकडच्या माणसाला दिसत न्हाई, नुसते शब्द ऐकू येतात. संध्याकाळी वाजंत्री आमच्या दारावरून निघाली, आणि बैलगाडीवर नगारा बसला होता, गर्द जांभळ्या, उभ्या रेघांच्या झंपरात! उसवायला वेळ न्हाई म्हणून बाह्या तशाच. दोन्हीकडं लोंबकळत होत्या, आणि टिपरी पडली की हलत होत्या. पुढं एक जण हाळी देऊन सांगत होता, की औंदाची खोळ व्यंकटराव कारकुनांच्या घरच्यांनी अर्पण केली. लोक वळून आमच्या दाराकडं बघून हात जोडत होते. मी दारामागं, पदर तोंडात कोंबून.

आणि एक म्हातारबा नगाऱ्याकडं निरखून बघत शेजाऱ्याला म्हणाला, "औंदा नगारा लहान आणला काय रे? बारीक दिसून राहिला."

ऐकलंत? नगारा बारीक दिसत होता! उभ्या रेघांनी नगारा बारीक झाला, आणि मी होते तशीच दारामागं उभी. इतकं वाईट वाटलं मला, की त्या दिवशी सोनं वाटायलाही मी बाहेर गेले न्हाई.

बारसं तोंडावर आलं. सेनगावची मंडळी आदल्या दिवशी दोन गाड्या भरून उतरली, पहिल्या गाडीत पुढं जिवनआत्या. मी भजी तळायच्या निमित्तानं चुलीपुढून हलले न्हाई. बसलेल्या बाईच्या पोटाकडं कुणाचं लक्ष जात न्हाई, एवढं तरी मी ह्या सगळ्या भानगडीत शिकले होते. पण बारशाला उभं राहावंच लागणार. नातवाच्या पाळण्याशी आजी बसून कशी राहणार?

सकाळी मी कोठीच्या खोलीत शिरले आणि दार लोटलं. वच्छलासाठी धुऊन ठेवलेल्या धोतराच्या पट्ट्यांतली लांबातली लांब उचलली. बाळंतिणीचं पोट आत जातं तर माझं काहून जाणार न्हाई? ओढायला कुणी नव्हतं. मी एक टोक भिंतीतल्या खुंटीला बांधलं, दुसरं पोटावर धरलं, आणि स्वतःभोवती गरगर फिरत खुंटीकडं निघाले. निम्म्या वाटेवर होते तेवढ्यात दार उघडलं. अनुसयाबाई!

"विहीणबाई," त्या डोळे फाडून म्हणाल्या, "काय करून राहिल्या तुमी?"

मी उत्तर देणार, तर माझं लक्ष त्यांच्याकडं गेलं. त्यांनी कंबर दोन्ही हातांनी धरली होती, लुगडं सुटलं होतं. आणि सुटलेल्या लुगड्याच्या आत दुसरं लुगडं होतं.

"आणि तुमी हे काय करून राहिल्या?" मी म्हणलं.

अनुसयाबाईंनी गपकन दार लावून घेतलं आणि ज्वारीच्या पोत्यावर बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "काय सांगू! आमच्याकडं बाया म्हणतात, अनुसयेला सासू खाऊ घालत न्हाई. सासू जाऊन जमाना झाला तरी म्हणतात! किती खाल्लं तरी अंगाला लागत न्हाई माझ्या. मग कार्य असलं की एकावर एक दोन नेसते. तुमच्याकडं बघून मला लई हेवा वाटतो. घर भरलेलं दिसतं."

माझ्या पोटाकडं बघून कुणाला हेवा वाटतो, हे मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. तरी आतला काटा बोललाच. "मग त्या दिवशी एवढ्या हसल्या काहून?"

"अवं, पहिल्यांदाच आमच्या घरात मला सोडून दुसऱ्या कुणाच्या अंगाकडं बघून लोक हसले. मला इतकं सुटल्यासारखं झालं, की हसू आवरंना. नंतर वाईट वाटलं बरं. पाणी तुमीच दिलं, तेव्हा तर मेल्याहून मेले."

मी हसले, त्याही हसल्या, आणि माझं धोतर सुटलं. मग त्यांनी पदर खोचला, पाय भिंतीला लावला आणि पट्टी अशी ओढली, की सुईणीला काय येतंय! वाळक्या अंगात जोर लई होता. वर त्यांनी आपलं आतलं लुगडं मला नेसवलं. गर्द वांगी रंगाचं, बारीक किनारीचं, अगदी निर्मलाबाईंच्या फर्मानाबरहुकूम. निऱ्या चापून बसवल्या. आता त्यांच्या अंगावर एकच उरलं, त्याला भर पाहिजे. मी माझ्या किल्ल्या, चंची, लिंबू, जे होतं नव्हतं ते सगळं त्यांच्या ओच्यात भरलं. बाई बघता बघता भरली. चांगल्या घरच्या चार किल्ल्या कंबरेला खुळखुळायला लागल्यावर त्यांची चालसुद्धा बदलली.

मी बाहेर आले, मान ताठ, पोट आत. आता म्हणेल कुणी, मग म्हणेल कुणी. पण कुणी बघतंय का! जो तो पाळण्यात डोकावून राहिला. कुणी म्हणतंय नाक आजोबाचं, कुणी म्हणतंय कान मामाचे. निर्मलाबाई, ज्यांनी हे सगळं सुरू केलं, त्याही माझ्याजवळून गेल्या आणि विचारलं काय, तर सुंठवडा कुठं ठेवलाय. ह्यांना मी मुद्दाम दोनदा आडवी गेले. दुसऱ्यांदा हे थांबले, माझ्याकडं नीट बघितलं, आणि म्हणाले, "कोठीच्या किल्ल्या कुठं आहेत?"

रहमतबी लेकरासाठी कुंची घेऊन आली. दसरा झाल्यावर नगाऱ्याच्या बाह्या उसवून तिनं ती शिवली होती. जांभळ्या उभ्या रेघा! लेकराला घातली, तर अनुसयाबाई कासावीस झाल्या. "काढा ती, पोरगं वाळल्यासारखं दिसून राहिलं!" म्हणून त्यांनी ती लगेच उतरवली. म्हणजे रेघा नगाऱ्याला चालल्या, लेकराला चालल्या, मलाच तेवढ्या मिळाल्या न्हाईत. मी इतकी हिरमुसले, की आता जाऊन धोतर सोडावं आणि चार भजी खावीत असं मनात आलं.

तेवढ्यात लेकरू किंचाळायला लागलं. वच्छला काजळ आणायला आत गेलेली, म्हणून पाळण्यापुढच्या पाटावर मीच बसले आणि त्याला मांडीवर घेतलं. फक्त घटकाभर. पण जिवनआत्याला घटकाभर पुरते. ती गर्दीतून चाचपडत आली. तिला पाटावर बाई दिसली, बाईच्या मांडीवर लेकरू रडताना ऐकू आलं. तिनं वाकून माझ्या पोटाला हात लावला, धोतराचे पट्टे बोटांनी चाचपले, आणि तिचा चेहरा उजळला.

"सुटलीस ग बाई!" आत्या ओरडली. "सुखरूप सुटलीस! पोट बांधलंस, लई बरं केलंस. मी म्हणलं नव्हतं पोरगं व्हईल? पेढा निघाला होता तुझा!" आणि तिनं नारळ, तांदूळ, खण घेऊन माझी ओटी भरली.

ओसरीवर पुरुषमंडळी बसली होती, तिथून सादिकमियांचा आवाज आला. त्यांनी ह्यांचा हात हातात घेतला होता. "मुबारक! हम तो पहलेच लिखके दिये थे."

आत्याचं अजून झालं नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी माझी कंबर चाचपली, गाल कुरवाळले, आणि भरल्या घरात, सेनगावच्या झाडून सगळ्या बायांसमोर, कळवळून म्हणाली, "पण काय हे ग लेकरा! किती वाळलीस!"

अनुसयाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचा ओचा हसण्यानं गदागदा हलत होता, किल्ल्या वाजत होत्या. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या, आता ही चिडणार म्हणून. मी आत्याचा हात घट्ट धरला.

"आत्या," मी म्हणलं, "जरा मोठ्यांदा म्हणा की."

"वाळलीस!" आत्या घर दणाणून म्हणाली. "निम्मी झालीस निम्मी!"

मग मात्र मला हसू आवरलं न्हाई. हसता हसता धोतराची गाठ सुटली, पट्टे सैल झाले आणि पोट आपल्या जागी परत आलं. मांडीवरच्या लेकराला टेकायला मऊ जागा मिळाली, तसं ते रडायचं थांबलं आणि तिथंच गाढ झोपलं. त्याला पाळण्यात घालायला उचललं की ते परत किंचाळायचं, म्हणून नाव ठेवायचं तेही शेवटी माझ्या पोटावरच ठेवलं. अख्ख्या हिंगोलीत माझं वाळणं दिसलं ते एकट्या जिवनआत्याला, आणि तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत न्हाई.